शाळेची खबर उसाच्या फडापर्यंत यावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली ऊसतोड कामगार आहे. दहावीपर्यंत शिकले. दसऱ्यानंतर मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराची, गाडी आली की नवऱ्याबरोबर कारखान्यावर जायचं आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे गावी यायचं, हे लग्न झाल्यापासून चालू आहे. गेल्या हंगामात आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडे होतो, त्याआधी कर्नाटकात बागलकोटकडे. धाकटा मुलगा लहान आहे, तो आमच्याबरोबर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असतो. मोठी मुलगी गावी सासूबाईंजवळ राहते आणि वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. आता ती चौथीत बसेल. शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट पंचवीसच्या आत.

आमच्यासारख्यांनी लेकरं गावी ठेवावीत, त्यांची शाळा बुडवू नये, असं सगळे सांगतात. ते बरोबरच आहे. मुलीला आम्ही आधी बरोबर नेत होतो. बागलकोटकडे जवळची शाळा कानडी माध्यमाची. ती तिथे गप्प बसून यायची. पुढे जायचीच बंद झाली आणि दिवसभर कोपीपुढे भावाला सांभाळत बसू लागली. तेव्हा तिला गावी ठेवायचं ठरलं. मागे राहिलेल्या लेकरांना शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण देणारी हंगामी वसतिगृहाची योजना आमच्या वस्तीवर चालते, तिचा सासूबाईंना मोठा आधार झाला.

पण लेकरू मागे ठेवल्यावर आईबापांना त्याच्या शाळेचं काही कळत नाही. माझी मागणी त्याबद्दलच आहे. आम्ही गावात नसतो त्या पाच-सहा महिन्यांत शाळेत काय चाललंय ते आम्हाला नियमाने कळावं, आणि आमच्या माघारी लेकरं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही कळावं.

शाळेचा व्हॉट्सॲप गट आहे, मग अडचण काय, असं कुणी म्हणेल. गट आमच्याकडेही होता. त्यावर काय यायचं ते सांगते. शासनाची परिपत्रकं यायची, तीही पीडीएफमध्ये. पंचायत समितीकडून आलेला निरोप जसाच्या तसा पुढे पाठवलेला असायचा. वृक्षारोपण, प्रभातफेरी, जयंती यांचे फोटो यायचे. एकाच कार्यक्रमाचे दहा-दहा फोटो, सगळी लेकरं रांगेत आणि पुढे फलक. ते फोटो वर दाखवण्यासाठी काढलेले असतात हे आम्हालाही कळतं. त्यात आपली मुलगी शोधायची, दिसली तर मोठी करून बघायची, एवढंच. ती वाचायला लागली का, गुणाकारात कुठे अडली, या आठवड्यात किती दिवस शाळेत गेली, यातलं काहीच त्या गटावर कळायचं नाही.

फडातला माणूस फोन कसा वापरतो तेही सांगितलं पाहिजे. पहाटे चारला उठून फडात जायचं. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, मग गाडी भरणं. गाडी भरायला रात्र झाली तर रात्रीच भरावी लागते. कोपीत वीज नसते. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर गावातल्या पिठाच्या गिरणीत चार्ज करून आणतात. एका घरात एकच मोठा फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. रेंज असेल तिथे जाऊन उभं राहावं लागतं. मोठा व्हिडिओ उतरतच नाही. आमच्या टोळीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही, त्यांना लिहिलेल्या निरोपाचा काय उपयोग? आणि गावी सासूबाईंकडे बटणाचा फोन आहे. ज्या बाईच्या हाताखाली माझी लेक सहा महिने वाढते, तिला शाळेच्या गटातलं एक अक्षर पोचत नाही.

या सगळ्याचा त्रास कसा होतो त्याचं एकच उदाहरण देते. एका वर्षी शाळेत जंतनाशक गोळी दिली. ती गोळी सगळीकडे देतात, चावून खायची असते, चांगलीच असते. एका लेकराला त्या दिवशी उलटी झाली. त्याच्या आजीने घाबरून फोन केला, "शाळेत कसली तरी गोळी दिली आन् पोराला वांती झाली." तासाभरात हा निरोप आमच्या टोळीत पसरला. कोयता टाकून बायका रडायला लागल्या. एक जोडपं तर रात्रीच निघायच्या तयारीला लागलं. शाळेत फोन लावला तर शाळा सुटलेली, सरांचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी कळलं की लेकरू धडधाकट आहे. "उद्या जंताची गोळी देणार आहोत, उपाशीपोटी पाठवू नका, थोडी मळमळ झाली तर घाबरू नका" एवढा निरोप आदल्या दिवशी कुणी तोंडी दिला असता, तर आमची ती रात्र तशी गेली नसती.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, म्हणून कायद्यात काय आहे ते मला थोडं माहीत झालं. शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातल्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याच रांगेत असंही आहे की, शिक्षकाने पालक आणि संरक्षक यांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मूल किती नियमित येतं, त्याची शिकण्याची कुवत काय, त्याची प्रगती किती झाली आणि इतर संबंधित माहिती त्यांना द्यावी. संरक्षक म्हणजे आमच्या सासूबाईही त्यात आल्या. हा आमचा हक्क आहे. कुणी उपकार म्हणून द्यायची ही गोष्ट नाही.

आता हीच माहिती वर कशी जाते ते बघा. रोजची हजेरी शिक्षकांना मोबाईलवरून भरावी लागते. आज किती लेकरांनी खिचडी खाल्ली हेही रोज कळवावं लागतं. यू-डायस प्लस, सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंदी, वेगवेगळ्या चाचण्यांचे गुण, सगळं भरलं जातं. माझी मुलगी आज शाळेत होती का, ती जेवली का, हे पुण्या-मुंबईच्या कचेरीला त्याच दिवशी कळू शकतं. तिच्या आईला कळत नाही. मी हे शिक्षकांच्या विरोधात लिहीत नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता, वर मतदारयाद्यांचं काम. ही कागदपत्रं भरता भरता त्यांचे हात भरून जातात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जी माहिती रोज तयार होते आहे, तिच्यातला आमचा वाटा आम्हाला का मिळू नये?

गेली दोन वर्षं आमच्या शाळेत एक मॅडम होत्या. त्यांनी हे काम फार सोप्या रीतीने करून दाखवलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आम्ही निघायच्या आधी त्यांनी पालकसभा घेतली, तीही संध्याकाळी, बाया रानातून आल्यावर. शाळेच्या ओट्यावर सगळ्या बसल्या. मॅडमनी भाषण केलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडे गेल्यावर शाळेतलं काय काय ऐकावंसं वाटतं?" आधी कुणी बोलेना. मग एक जण म्हणाली, "जेवतंय का तेवढं सांगा." दुसरी म्हणाली, "रडत असलं तर सांगा." तिसरीने विचारलं, "कुणाशेजारी बसतं?" त्या एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होत्या. अभ्यासाचं आम्ही कुणी विचारलंच नाही, तेव्हा त्यांनीच सांगितलं की वाचन आणि गणित कुठवर आलं तेही मी कळवीन, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

परिपाठात रोज प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाले की एक मूल बातम्या वाचतं, हे सगळ्या शाळांत असतं. मॅडमनी त्यात "आपल्या शाळेच्या बातम्या" सुरू केल्या. आदल्या दिवशी मोठ्या लेकरांनी चार-पाच वाक्यं लिहायची, मॅडमनी ती तपासायची, आणि सकाळी एकाने वाचायची. दर शनिवारी सकाळच्या शाळेत आठवड्याच्या बातम्या एकत्र वाचून घेऊन त्यांचा आवाज फोनवर भरायचा आणि गटावर टाकायचा. मिनिट-दीड मिनिटाचं ते बोलणं असे. कुठल्याही फोनवर उतरायचं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळायचं.

त्या बातम्या कशा असत ते मला अजून आठवतं. "या आठवड्यात आपल्या शाळेत रोज सगळे जेवले. बुधवारी मटकीची उसळ होती." "पहिलीच्या मुलांना आता आपलं नाव लिहिता येतं." "हापसा बिघडला होता, शुक्रवारी दुरुस्त झाला." "तिसरीच्या वर्गाने वाण्याच्या दुकानात जाऊन वजनं मोजली." "सोमवारी डॉक्टर तपासायला येणार आहेत, आजीने सोबत यावे." शेवटी ज्याची पाळी असेल ते लेकरू पुस्तकातला एक उतारा वाचायचं. माझ्या मुलीची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा ती अक्षर-अक्षर जोडत वाचत होती. संक्रांतीनंतर पुन्हा आली तेव्हा ती जोडाक्षरांना अडत नव्हती. तिच्या प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून मला हे एवढं कधीच समजलं नसतं. रविवारी रात्री आमच्या कोपीपुढे टोळीतल्या सगळ्या बायका जमायच्या. ज्यांची लेकरं आमच्या शाळेत नाहीत त्याही यायच्या, आणि आपल्या गावच्या शाळेला असं करायला कुणी सांगेल का, असं विचारायच्या.

बटणाच्या फोनवाल्या आज्यांसाठी त्यांनी दुसरं केलं. शाळेच्या बाहेरच्या भिंतीला एक जुना फळा लावला. त्यावर लेकरं रोज दोन ओळी लिहीत. पण आज्यांना वाचता येत नाही. म्हणून संध्याकाळचं जेवण घेऊन लेकरू घरी गेलं की फळ्यावरचं त्याने आजीला म्हणून दाखवायचं, हा त्याचा घरचा अभ्यास. शनिवारी शाळा सुटल्यावर मॅडम अर्धा तास ओट्यावर थांबत. ज्या आजी-आजोबांना काही विचारायचं असेल त्यांनी यायचं. सासूबाई आधी लाजत होत्या. नंतर स्वतःहून मॅडमना सांगायला लागल्या की पोरगी रात्री दचकून उठते, आईची आठवण काढते. त्यानंतर मॅडमनी तिला दुपारच्या सुट्टीत मला फोन लावून द्यायला सुरुवात केली. घरातलं शाळेला कळलं म्हणून हे झालं. खबर शाळेकडून घराकडे येते तशी घराकडून शाळेकडेही गेली पाहिजे.

शासनाने शाळांना आजी-आजोबा दिवस साजरा करायला सांगितलं आहे, ते चांगलंच आहे. आमच्या भागात मात्र कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आजी-आजोबा हेच पालक असतात. शाळेच्या नोंदीत मात्र पालक म्हणून फक्त बापाचं नाव आणि बापाचाच नंबर असतो. लेकराला ताप आला की शाळा तिकडे शिरोळच्या फडात फोन करते आणि शेजारच्या आळीतली आजी घरी तशीच बसलेली असते. हंगामापुरतं लेकरू कुणाकडे आहे, त्या माणसाचं नाव आणि नंबर हजेरीपटाजवळ लिहून ठेवावा. याला पैसा लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं. मॅडम यायच्या आधी एकदा गटावर वाचता न येणाऱ्या मुलांची यादी नावानिशी टाकली होती. हेतू वाईट नसेल. पण त्यातल्या एका मुलाला बापाने फोनवरून इतकं बोललं, टोळीतल्या लोकांनी बापाला इतकं चिडवलं, की ते लेकरू पुढे कितीतरी दिवस शाळेच्या दाराशी आलं नाही. हापसा, जेवण, सुट्टी, डॉक्टर, सहल हे सगळ्यांना सांगावं. कोण कशात मागे आहे, कोणाला काय दुखतं, घरात काय चाललं आहे, हे ज्याचं त्यालाच सांगावं, आणि शक्यतो बोलून सांगावं. लेकरांचे फोटोही विचारून टाकावेत.

समितीचं तर फारच अवघड आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. कागदावर आमची समिती तशीच आहे. पण दिवाळीनंतर तिच्यातले बहुतेक सदस्य फडात असतात. बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, सह्या आम्ही उन्हाळ्यात आल्यावर करतो. मी नसलेल्या बैठकीवर सही करायचं या वर्षी नाकारलं. कुणाशी भांडायचं म्हणून नाही. काय ठरलं हे मला आधी वाचून दाखवा, मग सही करते, एवढंच म्हणाले. मधले एक वर्ष गणवेश वरून आले आणि आता ते काम पुन्हा समितीकडे आलं आहे. कापड कसलं, शिवायचं कुणाकडे, हे ठरवायला आयांना विचारलं नाही तर समिती कशाला? बैठकीच्या वेळी फोन चालू ठेवून बाहेरच्या सदस्यांना बोलू द्यावं, ठरलं ते त्याच संध्याकाळी आवाजात पाठवावं. बैठकीसाठी गावी यायचं म्हटलं तर खाडा पडतो, तो उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशातून, कापला जातो आणि एसटीचं भाडं वेगळं.

जी कुटुंबं लेकरं बरोबर नेतात त्यांना तर याहून कमी कळतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत लेकरू बसू शकतं. आमच्या टोळीतल्या किती जणांना हे माहीत होतं? मी विचारलं तेव्हा एकालाही नाही. निघायच्या आधीच्या सभेत हे कार्ड हातात द्यावं आणि त्याचं काय करायचं ते समजावून सांगावं.

हे पत्र आताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या मॅडमची बदली झाली. आंतरजिल्हा बदलीत त्यांना त्यांचा जिल्हा मिळाला, त्यांच्या घरी म्हातारी आई आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण त्यांच्याबरोबर शाळेच्या बातम्याही जाणार. नवे शिक्षक येतील, ते चांगलेच असतील, पण हे त्यांनी करायचं असतं असं त्यांना कोण सांगणार? शाळेने घराला खबर देणं हे एका माणसाच्या भलेपणावर अवलंबून असू नये.

म्हणून बीड, आणि जिथून जिथून लोक ऊसतोडीला जातात त्या सगळ्या जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. हंगामाच्या आधी एक आणि पट्टा पडल्यावर एक अशा दोन पालकसभा संध्याकाळच्या वेळी ठरवून घ्याव्यात. मधल्या काळात आठवड्यातून एकदा लेकरांच्या आवाजात शाळेच्या बातम्या पाठवाव्यात. आणि हात जोडून सांगते, या कामाचा अहवाल, फोटो, लिंक असलं काही शिक्षकांकडून मागू नये. मागितलं की काम राहील आणि फोटो होतील. ते होतं की नाही हे विचारायचं असेल तर आम्हाला फोन करावा, आम्ही सांगू.

जूनच्या मध्यात शाळा उघडेल. घटस्थापनेच्या सुमारास मुकादम उचल द्यायला येतो आणि मग आमचे दिवस आमच्या हातात राहत नाहीत. त्याआधीची पालकसभा कोणत्या तारखेला आहे हे शाळेने पहिल्याच आठवड्यात कळवावं. त्या दिवशी आम्ही मजुरीला जाणार नाही, सासूबाईंनाही घेऊन येऊ.

आपली,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. पाटोदा, जि. बीड
(कृपया नाव व वस्तीचं नाव छापू नये.)